अजब बंगल्यातील नकाशा

गेल्या वैशाखात आमच्या वाड्याच्या मागील अंगास दोन खोल्या वाढविण्याचे काम निघाले, आणि एके दिवशी भर दुपारी सळ्यांनी लादलेली मालमोटार गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. जालन्यात हा देखावा नवा नाही. लोखंड वितळवून सळ्या ओढण्याचे कारखाने येथे इतके झाले आहेत की ‘जालना, सोन्याचा पाळणा’ या जुन्या म्हणीतील पाळण्याच्या कड्या तरी आता खात्रीने लोखंडाच्या समजाव्यात. सळ्या उतरविताना जो खणखणाट झाला, त्यासरशी माझा सात वर्षांचा नातू माजघरातून धावत आला व म्हणाला, “आजोबा, हे लोखंड आपल्याच गावच्या खाणीतून काढतात ना?”

त्याला नाही म्हणून सांगावे लागले. जालन्याच्या भूमीत मोसंबी पिकते, बियाणे पिकते, पण लोखंडाची खाण नाही. येथील कारखान्यांत येते ती मोडही बाहेरची आणि भट्टीत पडणारे कच्चे लोखंडही बाहेरचे. आपल्या पायांखाली आहे तो काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून तप्त रस वर आला, थरावर थर पसरला व थिजला, तोच हा. साताऱ्यापासून अजिंठ्यापर्यंत डोंगरांच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात त्याचे कारण हेच. इंग्रज शास्त्रज्ञ त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही मुळात स्वीडिश भाषेतील जिन्यावरून आलेला. या पाषाणात लोखंडाचा अंश आहे, परंतु तो इतका थोडा व इतका विखुरलेला की तो काढू गेल्यास आवळा देऊन कोहळा काढण्याऐवजी कोहळा देऊन आवळा पदरी पडावयाचा. महाबळेश्वराकडे धावड लोक जांभ्या दगडातून लोखंड गाळीत असत. ती सोयही आमच्याकडे नाही.

हे सर्व मी नातवाला सांगत असताना ओसरीवर बसलेला माझा पुतण्या गालांतल्या गालांत हसत होता. त्याचे कारण असे की यातील निम्मी माहिती मला त्यानेच पुरविलेली आहे. तो भूगर्भशास्त्रात एम्. एस्सी. झाला असून, संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांची परीक्षा देऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्यात शिरावे अशी त्याची इच्छा आहे. या इच्छेवरून आमच्या एकत्र कुटुंबात गेले काही महिने दोन तट पडले आहेत. भावजय म्हणते, “अण्णा, महिनोन्महिने रानावनात हिंडायचे, दगड फोडायचे, ही कसली सरकारी नोकरी? अशा मुलाला मुलगी तरी कोण देईल?” धाकट्या बंधूंची शंका निराळी. त्यांनी आयुष्यभर कचेरीत कारकुनी केली असल्यामुळे ते प्रत्येक नोकरीची परीक्षा एकाच प्रश्नाने करतात. तेथे बढती वेळेवर मिळते काय?

बंधूंच्या या प्रश्नावर मला एका बंगाली गृहस्थांची आठवण झाली. त्यांचे चरित्र मी त्या रात्री अंगणात सर्वांस सांगितले, तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

प्रमथनाथ बोस यांचा जन्म १८५५ साली बंगालमध्ये गोबरडांग्याजवळील गैपूर नावाच्या खेड्यात झाला. कृष्णनगरच्या कॉलेजात शिकत असता त्यांना १८७४ साली गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळाली व ते विलायतेस गेले. लंडन विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी त्यांनी १८७७ साली घेतली. नंतर तेथील राजकीय खनिविद्यालयात अभ्यास पुरा केला, आणि १८८० साली ते भूगर्भ-पाहणीच्या खात्यात अधिकारी म्हणून दाखल झाले.

हे खाते १८५१ साली टॉमस ओल्डहॅम यांच्या हाताखाली कलकत्त्यास उभे राहिले होते. कोळसा शोधणे हे त्याचे आरंभीचे मुख्य काम. तीस वर्षे त्यातील अधिकाऱ्यांच्या जागा गोऱ्यांच्याच होत्या. किशनसिंग, हिरालाल, रामसिंग असे दोन-तीन हिंदी तरुण उमेदवार म्हणून घेतले गेले होते. पण उमेदवार निराळा आणि अधिकारी निराळा, हे ज्यांनी कचेऱ्या पाहिल्या आहेत त्यांना सांगावयास नको. बोसबाबू रुजू झाले तेव्हा खात्याचे प्रमुख हेन्री मेडलिकॉट हे होते. सृष्टिविज्ञानात स्वतंत्र बुद्धीचे काम करण्याची पात्रता हिंदी माणसाच्या अंगी नाही, असे या विद्वानाचे मत होते व ते त्याने सरकारास लेखी कळविलेले होते. अशा वरिष्ठाच्या हाताखाली पहिला हिंदी अधिकारी म्हणून जाऊन उभे राहणे हीच एक परीक्षा होती.

या खात्याच्या नोकरीचे स्वरूप वाचकांनी थोडे ध्यानात घ्यावे, कारण आमच्या भावजयीची तक्रार निराधार नाही. पावसाळा सरला की अधिकारी कलकत्ता सोडीत. तंबू, बैलगाड्या, चारदोन नोकर आणि शिधा घेऊन नेमून दिलेल्या मुलखात शिरावयाचे व वैशाखाचे ऊन असह्य होईपर्यंत तेथेच फिरावयाचे. हातात हातोडा, खिशात होकायंत्र व थरांचा उतार मोजण्याचे साधन, बगलेत मोजणी खात्याने काढलेला मुलखाचा नकाशा. ओढ्याच्या काठाने चालावयाचे, कारण ओढा भूमी चिरून आतील थर उघडे करून दाखवितो. जेथे दगड बदलला तेथे नकाशावर रेघ ओढावयाची. दिवसभराच्या पायपिटीतून कधी चार बोटे रेघ निघते, कधी तीही नाही. पावसाळ्यात परत येऊन आणलेले दगड तपासावयाचे, प्रत्येक जातीच्या दगडास एकेक रंग ठरवून नकाशा रंगवावयाचा आणि अहवाल लिहावयाचा. मी चाळीस वर्षे मुलांच्या निबंधांच्या वह्या तपासल्या आहेत. पण मुलखाची वही वाचणे हे त्याहून फारच अवघड काम दिसते, कारण तेथे निबंध लिहिणारा सापडत नाही आणि पानेही मधलीच फाटलेली असतात.

बोसबाबूंस पहिले मोठे काम मिळाले ते नर्मदेच्या खालच्या खोऱ्यात. निमावरपासून कवांटपर्यंतच्या मुलखावरील त्यांचा ग्रंथरूप अहवाल १८८४ साली खात्याने छापला. त्या मुलखात आपलाच काळा पाषाण पसरलेला असल्यामुळे आम्हां दख्खनी लोकांनी त्यांना थोडे आपले म्हणण्यास हरकत नाही. आपलेपणाचा आणखी एक धागा आहे. १८८२ साली त्यांचा विवाह झाला तो रमेशचंद्र दत्त यांच्या कन्येशी. हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास लिहिणारे आणि १८९९ च्या काँग्रेसचे अध्यक्ष झालेले जे दत्त, तेच हे. आणि शिवछत्रपतींच्या चरित्रावर ‘महाराष्ट्र जीवन-प्रभात’ ही बंगाली कादंबरी लिहिणारेही तेच.

यापुढे त्यांची पाहणी मध्यप्रांतात आली. मध्यप्रांत म्हणजे ज्याचा कारभार नागपुराहून चाले तो प्रांत. त्यातील रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात लोखंड गाळणाऱ्या लोकांच्या लहान लहान मातीच्या भट्ट्या बोसबाबूंनी पाहिल्या. जेथे भट्टी आहे तेथे खनिज जवळच असले पाहिजे. दल्ली आणि राजहरा या नावांच्या टेकड्यांतील लाल दगड त्यांनी तपासला, आणि त्या भागातील लोखंडाच्या धंद्यावर त्यांचा लेख १८८७ साली खात्याच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेथील उत्तम खनिजात शेकडा साठाहून अधिक लोखंड असते.

आपल्या भाषेतही या लाल दगडाची साक्ष आहे. ‘लोह’ शब्द मुळात तांबड्या धातूचा, म्हणजे तांब्याचा. लोहित म्हणजे लाल, आणि रक्तासही लोहित म्हणतात. वैदिक वाङ्मयात लोखंडास श्यामायस म्हणून वेगळे केले आहे, लोहायस ते तांबे. पुढे काळ्या लोखंडाने ते नावच बळकाविले. परंतु लोखंडाचे जे एक संपन्न खनिज, ते घासून पाहिले तर रक्तासारखेच लाल निघते, तेव्हा शब्दाने फार मोठी लबाडी केली असे म्हणता येत नाही.

असो. लेख छापला गेला, नकाशा रंगविला गेला, आणि पुढे सोळा वर्षे काहीच घडले नाही. सरकारी नकाशांचे असेच असते.

आता थोडे मागे जाऊन नागपुरास चलावे लागेल. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ साली सुरू झाली. पुढे १८८२ मध्ये फॉन श्वार्त्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. चांद्याच्या लोहारा येथे लोखंडाची टेकडी, आणि जवळच वरोऱ्यास कोळसा! जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला. तो निकामी ठरला. लोखंडाच्या भट्टीस साधा कोळसा चालत नाही. त्याचा घट्ट, सच्छिद्र कोक व्हावा लागतो, आणि वरोऱ्याच्या कोळशाचा तसा कोक होत नाही. शिवाय त्या काळचे खाणींचे नियमही जाचक होते. जमशेटजींनी विचार मनात ठेवला, सोडला नाही. नियम १८९९ साली सैल झाले, तेव्हा साठी उलटलेल्या या गृहस्थाने पुन्हा उचल केली, अमेरिकेत जाऊन चार्ल्स पेरिन या तज्ज्ञाची गाठ घेतली, आणि पेरिनने आपले सहकारी वेल्ड यांस हिंदुस्थानात धाडले.

जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आणि वेल्ड यांनी १९०३ च्या सुमारास चांद्याचे रान तुडविले. वाचकांपैकी ज्यांनी चांद्याचा उन्हाळा पाहिला असेल त्यांना अधिक सांगणे नको. लोहाऱ्याची टेकडी होती, लोखंडही होते. पण कारखाना पिढ्यान्पिढ्या चालेल असा साठा व त्याजोगा कोळसा यांचा मेळ बसेना. निराश होऊन दोराबजी नागपुरास परतले. शोध बंद करतो एवढे कळविण्यासाठी ते मुख्य सचिवांच्या कचेरीत गेले. मुख्य सचिव त्या वेळी जागेवर नव्हते. वाट पाहावयाची म्हणून दोराबजी सहज समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. १८६३ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयास नागपूरकर अजब बंगला म्हणतात. तेथे भिंतीवर मध्यप्रांताचा भूगर्भ-नकाशा टांगलेला होता. त्यात दुर्गकडच्या एका भागावर गडद रंग भरून लोखंडाचे ठिकाण दाखविलेले त्यांना दिसले. दुर्ग जिल्हा पुढे १९०६ साली वेगळा झाला. तेव्हा तो भाग रायपूर जिल्ह्यातच होता. बोसबाबूंच्या पाहणीवरून भरलेला तो रंग!

त्या भिंतीपुढून त्या वर्षांत किती माणसे गेली असतील? संक्रांतीस, दसऱ्यास खेड्यापाड्यांतून आलेले लोक, मुलांना पेंढा भरलेला वाघ दाखविणारे गृहस्थ, स्वतः सरकारी अधिकारी. नकाशा सर्वांनाच दिसत होता. मुख्य सचिव त्या दिवशी जागेवर असते तर दोराबजीही तो न पाहताच मुंबईची गाडी धरते.

वेल्ड आणि टाटांचे आप्त शापुरजी सकलातवाला हे दल्ली-राजहऱ्यास जाऊन त्या टेकड्यांवर चढले. पायांखालची भूमी धातूसारखी वाजत होती असे सांगतात. खनिज उत्तम, साठा अफाट. उणीव एवढीच की जवळ कोकाचा कोळसा नव्हता आणि भट्टीस लागणाऱ्या पाण्याचीही ददात होती. कारखान्याचा बेत पुन्हा अडला.

इकडे बोसबाबूंचे काय चालले होते? १९०३ साली खात्याच्या प्रमुखाची जागा भरावयाची होती. बोसबाबूंची नोकरी तेवीस वर्षांची. जागा मिळाली ती टॉमस हॉलंड यांना. ते खात्यात १८९० साली, म्हणजे बोसबाबूंच्या मागून दहा वर्षांनी आलेले. हॉलंड विद्वान होते, हे नाकारण्याचे कारण नाही. त्यांचे काम आजही नावाजले जाते. परंतु ज्याने दहा वर्षे आधी तोच मुलूख पायांखाली घातला, त्याला हे कसे वाटले असेल? बोसबाबूंनी नोकरी सोडली. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते.

येथे माझा कंठ थोडा दाटला, हे कबूल करतो. मी ज्या शाळेत शिकविले तिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथे माझ्या मागून दहा वर्षांनी आलेले गृहस्थ मुख्याध्यापक झाले. मी मॅट्रिक, बाकीचे शिक्षण पाठशाळेतील, ते पदवीधर. नियम त्यांच्या बाजूचा होता व माझी तक्रारही नव्हती. तरी त्या रात्री पानावर बसून अन्न गेले नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात रघुवंशाचा श्लोक फळ्यावर लिहिताना माझ्या हातून मात्रा चुकली. मी नोकरी सोडली नाही. घरात तेव्हा अकरा माणसे जेवत होती.

बोसबाबू मयूरभंज संस्थानच्या महाराजांकडे गेले. महाराजांस आपल्या राज्यातील खनिजांची पाहणी करून हवी होती. तेथे गोरुमहिसानी नावाच्या डोंगरात त्यांना लोखंडाचा प्रचंड साठा आढळला. या वेळी त्यांनी केवळ अहवाल लिहून स्वस्थता मानली नाही. दिनांक २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी थेट जमशेटजी टाटांस पत्र लिहून कळविले की लोखंड येथे आहे, आणि झरियाचा कोळसाही येथून फार दूर नाही. त्या पत्रानंतर तीन महिन्यांच्या आत, १९ मे रोजी, जमशेटजी जर्मनीत वारले. परंतु दोराबजींनी धागा सोडला नाही. टाटांची लोखंड-पोलादाची कंपनी १९०७ साली स्थापन झाली. सुवर्णरेखा व खरकाई या नद्यांच्या संगमाजवळ साकची या खेड्याची जागा ठरली. आणि १६ फेब्रुवारी १९१२ रोजी तेथे पोलादाची पहिली लगड ओतली गेली. साकचीचे जमशेदपूर झाले ते १९१९ साली.

आणि दल्ली-राजहरा? तो लाल दगड आणखी चाळीस-पन्नास वर्षे तसाच पडून राहिला. स्वराज्य आल्यावर रशियाच्या साहाय्याने भिलाईचा कारखाना उभा राहिला, त्याची पहिली भट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये पेटली, आणि तिला खनिज पुरविले ते याच टेकड्यांनी. बोसबाबू ते पाहावयास नव्हते. १९३४ साली रांची येथे त्यांचा अंत झाला होता. मधल्या काळात त्यांनी कलकत्त्यास १९०६ साली निघालेल्या बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूटच्या प्राचार्यपदाची धुरा वाहिली. आजचे जादवपूर विद्यापीठ हा त्याच वृक्षाचा विस्तार आहे. त्यांनी हिंदु संस्कृतीवर तीन खंडांचा इतिहासही लिहिला आहे. दगडाचा अभ्यासक ग्रंथलेखनात असा रमतो, याचे मला व्यक्तिशः कौतुक वाटते.

एवढे सांगून मी थांबलो तेव्हा बंधू लगेच म्हणाले, “म्हणजे बढती मिळत नाही, हेच ना?” त्यावर पुतण्याने जो प्रश्न केला तो मला अद्याप सुटलेला नाही. तो म्हणाला, “अण्णाकाका, त्यांना बढती मिळाली असती तर ते मयूरभंजला गेले असते का?”

बहुधा गेले नसते. ते कलकत्त्यास मोठ्या मेजामागे बसले असते, आणि ते पत्र लिहिले गेले नसते. पण म्हणून त्यांना डावलले ते बरेच झाले, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसणार नाही. अन्यायातून कोणी बाहेर पडून चांगले काम केले, तर त्याचे श्रेय अन्याय करणाऱ्याच्या खाती मांडणे हा हिशेब चुकीचा आहे. शिवाय दल्ली-राजहऱ्याचा शोध त्यांनी नोकरीत असतानाच लावला होता. ते मी पुतण्याला सांगितले. त्याचे समाधान झालेले दिसले नाही. माझेही पुरते झाले नव्हते. बंधूंस मात्र मी एवढे कळविले की आता परीक्षा आहे, नियम आहेत, पहिल्या हिंदी माणसाच्या वाट्यास आले ते या मुलाच्या वाट्यास तसेच येण्याचे कारण नाही. त्यांनी मान हालविली. होकारार्थी की कसे, ते अंधारात कळले नाही.

तेवढ्यात पुतण्याने आत जाऊन अभ्यासाच्या सहलीतून आणलेला एक जड, करडा-तांबूस दगड आणला. नातू म्हणाला, “हा तर लाल नाही!” तेव्हा पुतण्याने मजकडे सहाण मागितली. मी विचार न करता देवघरातील सहाण आणून दिली. त्याने चार थेंब पाणी टाकून दगड उगाळला, आणि कुंकवासारखी लाल रेघ उमटली. नातवाने बोट बुडवून ते कपाळास लाविले. सौभाग्यवती बाहेर आली आणि देवाची सहाण पाहून जे बोलली ते येथे लिहीत नाही.

परीक्षेचा अर्ज आमच्या भावजयीच्या संमतीने रवाना झाला आहे. सहाण तीनदा घासून धुतली, तरी तिच्या एका कडेस तांबडी छटा राहिली आहे. देवासाठी नवी आणली असून जुनी माझ्या मेजावर असते.